इसार, साठेखत आणि वाढीव भाव : भांडुपमधील सदनिका-पुनर्विक्रीच्या निमित्ताने एक नीतिविचार

बीजशब्द : इसार, साठेखत, वचनपालन, अनुशय, कराराची पूर्तता

प्रस्तावना

सदनिकेचा सौदा तोंडी ठरला, टोकनाची रक्कम हाती पडली, आणि करार नोंदवला जाण्यापूर्वीच अधिक किंमत देऊ करणारा दुसरा ग्राहक दारात उभा राहिला, तर विक्रेत्याने काय करावे, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत नित्य उपस्थित होतो. त्याची चर्चा मात्र बहुधा वकिलाच्या कचेरीत होते. नीतिशास्त्राच्या वर्गात ती क्वचितच ऐकू येते. प्रस्तुत लेखात भांडुप या उपनगरातील पुनर्विक्रीचा व्यवहार समोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

भांडुपचा आणि भाववाढीचा संबंध जुना आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या भेटीतच मुंबईहून ठाणे, कल्याण आणि घाटांकडे जाणाऱ्या लोहमार्गाची कल्पना सुचली, असा उल्लेख रेल्वेच्या इतिहासात आढळतो. लोहमार्ग आला, पुढे लाल बहादूर शास्त्री मार्गालगत कारखाने उभे राहिले, आणि गेल्या काही दशकांत त्यांतील अनेकांच्या जागी निवासी संकुले आली. याच मार्गावरून वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ ची आखणी झाली, तर गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता शेजारच्या नाहूरला येऊन मिळतो. दळणवळणाची सोय प्रत्यक्षात येण्याआधी तिची वार्ता येते, आणि भाव वार्तेबरोबरच चढतो. त्यामुळे सौदा ठरणे आणि करार नोंदवणे यांमधील थोड्या दिवसांतही किंमत बदलू शकते.

टोकन ते नोंदणी : मधला काळ

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. टेंभीपाड्यातील चाळीत राहणारे एक कुटुंब स्थानकाजवळची जुनी सदनिका ९२ लाख रुपयांना घेण्याचे ठरवते. विक्रेते सेवानिवृत्त गृहस्थ असून त्यांना कोकणातील गावी कायमचे जावयाचे आहे. दलालाच्या समक्ष चहा होतो, १ लाख रुपये टोकन दिले जाते आणि साध्या कागदावर चार ओळींची पावती होते. पुढील महिनाभरात साठेखत नोंदवावे असे ठरते. बाराव्या दिवशी तोच दलाल विक्रेत्याला सांगतो की, दुसरी एक व्यक्ती ९८ लाख देण्यास तयार आहे.

या बारा दिवसांत खरेदीदार स्वस्थ बसलेला नसतो, ही बाब महत्त्वाची आहे. त्याने बँकेकडे कर्जाचा अर्ज केलेला असतो, त्याचे प्रक्रियाशुल्क भरलेले असते, जुन्या कागदपत्रांची साखळी वकिलाकडून तपासून घेतलेली असते, गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांना ना हरकत दाखल्यासाठी गाठलेले असते. मुख्य म्हणजे स्वतःची चाळीतील खोली विकण्यासाठी त्याने दुसऱ्या कोणाकडून टोकन घेतलेले असते. त्याने पाहिलेल्या पण न घेतलेल्या दोन-तीन सदनिका एव्हाना इतरांच्या झालेल्या असतात. टोकन परत मिळाले तरी यांपैकी काहीही परत मिळत नाही. वचनावर विसंबून केलेली कृती हीच वचनाला वजन देते. नुसत्या चौकशीला असे वजन नसते. म्हणूनच भाव विचारून गेलेल्या ग्राहकाशी विक्रेता बांधलेला नसतो आणि टोकन घेतलेल्या ग्राहकाशी असतो.

मराठी समाजाला हा भेद अपरिचित नाही. सुपारी फुटेपर्यंत दोन्ही घरांना स्थळे पाहण्याची मोकळीक असते. सुपारी फुटल्यावर अधिक पगाराचे स्थळ सांगून आले म्हणून आधीच्या घरी निरोप धाडणे हे आजही हलके समजले जाते. इसार हातावर ठेवणे ही बाजारातील सुपारीच होय.

कायदा कोठवर सोबत करतो

बांधकाम व्यावसायिकाकडून नवी सदनिका घेणाऱ्यास कायद्याचे बरेच संरक्षण आहे. महाराष्ट्रातील १९६३ च्या सदनिका मालकीविषयक कायद्याने अग्रिम रक्कम घेण्यापूर्वी लेखी नोंदणीकृत करार बंधनकारक केला; २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार असा करार केल्याखेरीज प्रवर्तकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. परंतु ही बंधने प्रवर्तकासाठी आहेत. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला जुनी सदनिका विकताना टोकनाचा टप्पा जवळजवळ उघडाच राहतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने मालमत्तेत स्वतःहून कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. इंग्लंडमधील न्यायतत्त्वानुसार करार होताच खरेदीदार एका अर्थाने मालक समजला जातो. भारतीय विधिकारांनी ती वाट जाणीवपूर्वक टाळली. याचा अर्थ खरेदीदार निराधार आहे असा मात्र नव्हे. तो कराराच्या प्रत्यक्ष पूर्ततेसाठी दावा लावू शकतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये पूर्वी अशी पूर्तता न्यायालयाच्या स्वेच्छाधिकाराचा विषय होती. २०१८ च्या दुरुस्तीने तो अधिकार बराच आकुंचित केला. मूळ अधिनियमातही स्थावर मालमत्तेच्या करारभंगाची पुरेशी भरपाई पैशाने होत नाही, असे गृहीत धरलेले होते.

अडचण पुराव्याची आहे. तोंडी करारही वैध असू शकतो, पण तो सिद्ध करण्याचा भार मोठा असतो. व्यवहाराचा काही भाग रोखीने करण्याच्या सवयीमुळे पावतीवर खरी किंमत लिहिण्याचे टाळले जाते, आणि मग वाद निर्माण झाल्यावर दोन्ही पक्षांना खरे बोलण्याची सोय उरत नाही. करचुकवेगिरीची ही किंमत सहसा हिशेबात धरली जात नाही.

न्यायालयांनी वाढीव भावाच्या प्रश्नाचा विचार वेळोवेळी केला आहे. मुंबईतील बॅकबे रेक्लमेशन भागातील एका सदनिकेचा करार १९६६ साली ६०,००० रुपयांना झाला होता. त्या वादात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की, केवळ किंमत वाढली या कारणावरून सामान्यतः पूर्तता नाकारता येणार नाही. तथापि खरेदीदाराने ४० लाख रुपये अधिक द्यावेत, अशी अटही घातली. हा निकाल दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीने उद्धृत करू शकतात. पण तेथे मध्ये तीन दशकांहून अधिक काळ गेला होता, बारा दिवस नव्हे. लिलावाच्या संदर्भात २००८ साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, लिलाव एकदा कायम झाल्यावर केवळ कोणी नंतर जास्त रक्कम देऊ करतो म्हणून तो उलटवता येणार नाही, कारण मग कोणताच लिलाव कधी अंतिम होणार नाही. कपटाचा अपवाद अर्थातच राखलेला आहे.

अनुशय : जुन्या ग्रंथांतील विचार

प्राचीन व्यवहारशास्त्रात या विषयाला स्वतंत्र नाव आहे : क्रयविक्रयानुशय. अनुशय म्हणजे मागाहून होणारा पश्चात्ताप. तो मनुष्यस्वभावाचा भाग आहे हे मान्य करूनच शास्त्रकारांनी त्याला मुदत घालून दिली. मनुस्मृतीत ती दहा दिवसांची आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन रात्री आणि गोपालकांना पाच रात्री असा भेद केला आहे. ज्याचा धंदाच सौदे करण्याचा, त्याला विचार बदलण्यास सर्वांत कमी वेळ. हा क्रम मोठा मार्मिक आहे. विकलेला माल हवाली न करणाऱ्या विक्रेत्याला तेथे बारा पणांचा दंड सांगितला असून, मालातील दोष, आपत्ती अथवा असह्य परिस्थिती हे अपवाद मानले आहेत. अधिक किंमत मिळणे हा त्या अपवादांत नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य दुप्पट परत करावयास लावावे असा नियम आहे. सत्यंकार म्हणजे बोलणे खरे करण्यासाठी दिलेली रक्कम, अर्थात इसार. रोमन विधीतही जस्टिनियनच्या काळात विक्रेता फिरला तर त्याने इसार दुप्पट परत करावा असाच नियम होता. आजही अनेक दलाल हीच तोड सुचवतात : १ लाखाचे २ लाख देऊन टाका आणि मोकळे व्हा. सहा लाखांच्या लाभातून एक लाख वजा जाता पाच लाख उरतात.

येथे प्रश्न असा की, ही दुप्पट रक्कम शब्द मोडण्याची किंमत आहे की शब्द मोडल्याचा दंड? अमेरिकन न्यायविद ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८९७ साली असे प्रतिपादन केले होते की, करार पाळण्याचे कायदेशीर कर्तव्य म्हणजे तो न पाळल्यास भरपाई द्यावी लागेल एवढे भाकीत होय. या दृष्टीने विक्रेत्याने निवड केली आणि तिचा मोबदला चुकता केला; तक्रारीला जागा नाही. परंतु पार्किंगच्या जागी दंड भरणे आणि भाडे भरणे यांत पैसा सारखाच गेला तरी कृतीचा अर्थ सारखा नसतो. इसार देताना खरेदीदाराने विक्रेत्याला माघारीचा हक्क विकलेला नसतो. तसा तो विकावयाचा असेल, तर पावतीवर तसे लिहिता येते, आणि मग खरेदीदारही खोली विकण्याची घाई करीत नाही.

वाढीव सहा लाख कोणाचे?

विक्रेत्याच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद लोभाचा नसून कर्तव्याचा असतो. निवृत्त माणसाची ती एकमेव मिळकत आहे. आजारपण, मुलीचे शिक्षण, गावच्या घराची डागडुजी यांसाठी सहा लाख ही लहान रक्कम नव्हे. परक्याला दिलेल्या शब्दापायी घरच्यांचे नुकसान करावे काय, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

परंतु यात नुकसान हा शब्द तपासून घेतला पाहिजे. ९२ लाखांस होकार देताना विक्रेत्याने केवळ किंमत ठरवली नाही, भावाच्या चढउताराची चिंताही उतरवून ठेवली. मेट्रोच्या कामाला विलंब झाल्याची वार्ता येऊन भाव ८६ लाखांवर आला असता, तर खरेदीदाराने माघार घेणे त्याने मान्य केले असते काय? बहुधा त्याने टोकन जप्त केले असते आणि त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटलेही नसते. भाव उतरला तर धोका तुझा आणि चढला तर लाभ माझा, ही वाटणी टोकन देताना बोलून दाखवली असती, तर सौदाच झाला नसता. म्हणून ते सहा लाख विक्रेत्याच्या हातून गेलेले नाहीत. बारा दिवसांपूर्वी ते त्याचे राहिलेलेच नव्हते. घरच्यांविषयीचे कर्तव्य होकार देण्यापूर्वी आठ दिवस अधिक थांबण्यास सांगू शकले असते.

कौटिल्याने वास्तुविक्रीच्या प्रकरणात एक चमत्कारिक नियम दिला आहे. घर विकताना ते शेजाऱ्यांसमोर पुकारावे, आणि ग्राहकांच्या चढाओढीने किंमत वाढल्यास ती वाढ शुल्कासह राजकोशात जमा व्हावी. आधुनिक वाचकाला हे जाचक वाटेल. तथापि स्पर्धेतून आलेली वाढ ही मालकाच्या कष्टाचे फळ नव्हे, एवढे त्यामागचे निरीक्षण भांडुपसारख्या ठिकाणी सहज पटण्याजोगे आहे.

दुसऱ्या ग्राहकाची आणि दलालाची जबाबदारी चर्चेत बहुधा सुटून जाते. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ९१ नुसार, आधीच्या अंमलबजावणीयोग्य कराराची माहिती असताना जो मालमत्ता घेतो, त्याला ती त्या कराराच्या पूर्ततेस आवश्यक तेवढ्या मर्यादेत पहिल्या खरेदीदाराच्या हितासाठी धारण करावी लागते. टोकन झाले आहे हे ठाऊक असूनही ९८ लाखांचा आकडा पुढे करणारा मनुष्य केवळ स्पर्धक राहत नाही. ज्याने स्वतः टोकन मोजून दिले, तोच दलाल नवा आकडा घेऊन येतो, तेव्हा त्याचे वर्तन तर विक्रेत्याहूनही कमी समर्थनीय ठरते. कारण त्याच्या घरी आजारपणाची सबब नसते, वाढीव दलाली असते.

शब्द केव्हा सैल होतो

वचन अभंग असते असे मात्र म्हणता येणार नाही. खरेदीदाराने ठरल्या मुदतीत कर्ज उभे केले नाही आणि महिन्यामागून महिना मागत राहिला, तर विक्रेता मोकळा होतो. पूर्ततेचा दावा करणाऱ्याने स्वतः सदैव तयार असले पाहिजे, ही अट कायद्यातही आहे. दलालाने खरा बाजारभाव लपवून एकट्या वृद्ध व्यक्तीकडून नाममात्र किमतीस होकार मिळवला असेल, तर तो होकारच सदोष होय. दोन्ही प्रसंगी माघारीचे कारण नव्या ग्राहकापूर्वीच अस्तित्वात असते. ९८ लाखांचा आकडा ऐकल्यावर आठवलेले कारण आणि त्याआधी कळवलेले कारण यांत भेद करणे कठीण नसते. पत्राची अथवा दूरध्वनीवरील संदेशाची तारीख पाहिली की पुरते.

याखेरीज एक मधला मार्ग राहतो. विक्रेत्याने नवा प्रस्ताव पहिल्या खरेदीदारापुढे उघडपणे मांडावा, आणि तो स्वखुशीने बाजूला होण्यास तयार आहे काय, व कोणत्या मोबदल्यात, हे विचारावे. खरेदीदाराने नाही म्हटले तर साठेखत ९२ लाखांनाच नोंदवावे लागेल, हे विचारतानाच मान्य असले पाहिजे. अन्यथा ती विचारणा नसून दडपण ठरते. होय म्हणावयाचे की नाही हे टेंभीपाड्यातील कुटुंब एकटे ठरवू शकत नाही. त्यांच्या खोलीचे टोकन ज्याने दिले आहे, त्यानेही आपली भाड्याची जागा सोडण्याची सूचना मालकाला दिलेली असते.