नांव एकाचें, पेढी दुसऱ्याची

व्याकरणकार षष्ठी विभक्तीचा अर्थ 'संबंध' असा सांगतात, आणि हा संबंध अनेक प्रकारचा असतो असें लागलीच बजावतात. 'राजाचा घोडा' येथें स्वस्वामिभाव आहे. 'कुंभाराचा घट' येथें जन्यजनकभाव. राजा घोड्याचा मालक. कुंभार घटाचा कर्ता, मग तो घट विकत घेऊन कोणीही घरीं नेवो. हा भेद आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला. पण पॅरिस शहरांतील एका शिवणपेढीचा इतिहास वाचतांना तो जितका उपयोगीं पडला, तितका क्वचितच कोठें पडला असेल. 'लाक्रुआची पेढी' या दोन शब्दांतील षष्ठी कोणत्या अर्थाची, या एका प्रश्नांत त्या पेढीचें बावीस वर्षांचें सारें भाग्य आणि दुर्भाग्य सामावलेलें आहे.

क्रिस्त्याँ लाक्रुआ यांचा जन्म १९५१ सालीं दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गांवीं झाला. गांव रोमन लोकांच्या वेळचें. तेथील प्राचीन वर्तुळाकार रंगणांत अद्याप बैलांशीं झुंजी होतात, आणि सणाच्या दिवशीं तेथील स्त्रिया पणज्यांच्या काळचा पोषाख, उरावर चुणीदार रुमाल व केसांत फीत अशा थाटानें मिरवितात. या रंगांत वाढलेला हा मुलगा प्रथम कलेच्या इतिहासाचा विद्यार्थी झाला. एखाद्या पदार्थसंग्रहालयाचें अधिकारीपद मिळावें ही त्याची आकांक्षा. सतराव्या शतकांतील चित्रांमधले पोषाख हा त्याच्या अभ्यासाचा विषय. पुढें तो चित्रांतले पोषाख पाहणें सोडून नवे पोषाख काढूं लागला, आणि पातू नांवाच्या जुन्या पॅरिसच्या पेढींत त्यानें फुगीर, आंखूड घागऱ्यांची जी तऱ्हा काढली, तिनें सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळले.

येथें वाचकांस थोडी पार्श्वभूमी दिली पाहिजे. फ्रान्समध्यें 'ओत् कुत्यूर', म्हणजे उच्च शिवणकला, हें वाटेल त्या शिंप्यानें लावण्याचें बिरुद नव्हे. तें कायद्यानें राखून ठेवलेलें आहे. पॅरिसमध्यें स्वतःची कर्मशाला हवी, तींत ठराविक संख्येचे कारागीर हवेत, वर्षांतून दोन वेळां नवीन पोषाखांचें प्रदर्शन व्हावें लागतें, आणि प्रत्येक वस्त्र त्या त्या गिऱ्हाइकाच्या अंगाचीं मापें घेऊन, पुनःपुन्हा अंगावर चढवून पाहून शिवावें लागतें. भरतकाम हाताचें, टांका हाताचा. एकेका झग्यास शेंकडों तास लागावे यांत नवल नाहीं. असें वस्त्र विकत घेणाऱ्या स्त्रिया सगळ्या पृथ्वीवर मिळून एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढ्याही भरणार नाहींत. अर्थात् या कामांत नफा बहुधा नसतोच. नफा असतो तो दुसरीकडे. त्या झग्यांनीं नांवाभोंवती जें तेज निर्माण होतें, त्या तेजावर अत्तराच्या कुप्या, ओंठांचे रंग, चष्मे आणि पिशव्या खपतात. झगा घेणारी एक, कुपी घेणाऱ्या एक लाख. आमच्याकडे देवळाचा कळस एक असतो आणि बाहेर प्रसादाचीं दुकानें पन्नास असतात, तसाच कांहींसा हा प्रकार.

या युक्तीचा मोठा दाखला क्रिस्त्याँ दिऑर यांच्या पेढीचा. १९४६ सालीं मार्सेल बूसाक या कापूसगिरणीवाल्यानें दिऑर यांस भांडवल दिलें. फेब्रुवारी १९४७ मध्यें त्यांचें पहिलें प्रदर्शन झालें आणि त्याच वर्षीं त्यांचें अत्तरही निघालें. घागऱ्यांना घेर इतका मोठा होता कीं एकेकास वारोवार कापड लागे, ही गोष्ट गिरणीवाल्यास गैरसोयीची नव्हती हें उघड आहे. पुढें बूसाक यांचा डोलारा कोसळला, आणि १९८४ सालीं बेर्नार आर्नो या तरुण इंजिनिअर-व्यापाऱ्यानें तो सबंध विकत घेतला. त्यांत दिऑरची पेढी त्यांच्या हातीं आली. १९८७ सालीं आर्नोंनीं लाक्रुआंना पातूंकडून आणून नवी पेढी काढून दिली. दुसरा दिऑर घडवावा हा हेतु स्पष्ट दिसतो. पातूंची बाजू अशी कीं, लाक्रुआ गेल्यावर त्यांनीं उच्च शिवणकामाचें खातेंच बंद केलें.

नव्या पेढीच्या दारावर नांव लागलें तें लाक्रुआंचें. भांडवल सारें आर्नोंचें. आणि पेढीच्या मालमत्तेंत जागा, कापड, कातरी यांबरोबर तें नांवही जमा झालें. लोक 'लाक्रुआची पेढी' म्हणत तेव्हां त्यांच्या मनांत स्वस्वामिभाव असे. दप्तरीं मात्र पहिल्या दिवसापासून केवळ जन्यजनकभाव होता.

जुलै १९८७ मधील पहिल्या प्रदर्शनानें पॅरिस दिपून गेलें. आर्लचे रंग, चित्रांतल्या राण्यांचा थाट, किनखाप, फिती, गुलाब, सारें एकाच वेळीं. त्याच वर्षीं अमेरिकन फॅशनकारांच्या मंडळानेंही त्यांचा गौरव केला. पण दैवगति पाहा : १९ ऑक्टोबर १९८७ रोजीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्याच महिन्यांत हे झगे न्यूयॉर्कच्या धनिक स्त्रियांपुढें मिरविण्यासाठीं गेले. मेजवानी झाली, पण जेवणारांच्या पोटांत गोळा होता. पुढील दहा वर्षांत अभिरुचि फिरली. काळा रंग, साधी रेघ, कसलाही अलंकार नको, अशी लाट आली. जरीच्या माणसाला पांढऱ्या धोतराच्या युगांत दुकान मांडावें लागलें.

तरीही खरा घाव अत्तराचा. १९९० सालीं 'से ला व्ही' या नांवाचें अत्तर मोठ्या जाहिरातीनें बाजारांत आणलें गेलें. या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'आयुष्य हें असेंच !' आणि नांव ठेवणाऱ्यांस त्यांतील कडवटपणा त्या वेळीं जाणवला नसावा. तें अत्तर चाललें नाहीं. आमच्या मतें कारण साधें आहे. कोको शनेल यांनीं १९१० मध्यें टोप्यांचें दुकान काढलें आणि त्यांचें प्रसिद्ध 'नंबर ५' अत्तर निघालें १९२१ मध्यें. मधल्या अकरा वर्षांत नांव घरोघर पोंचलें होतें. दिऑरांचा चमत्कार एका वर्षांत झाला खरा, पण युद्धानंतरच्या उपाशी डोळ्यांचा तो काळ पुन्हा यावयाचा नव्हता. लाक्रुआ हें नांव १९९० मध्यें फॅशनच्या मासिकांना ठाऊक होतें. स्टेशनवरच्या दुकानांत कुपी निवडणाऱ्या कारकून मुलीला तें अद्याप परकें होतें. रोप लावून तिसऱ्या वर्षींच आंब्यांची टोपली मागितली, असा तो प्रकार झाला.

यानंतर पेढीनें स्वस्त कपड्यांची एक शाखा काढली, जीनची दुसरी काढली. पण जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली नाहीं. बावीस वर्षांत या पेढीनें एकदांही नफा दाखविला नाहीं. आर्नोंस येथें खलपुरुष ठरविण्याचा मोह अनेकांस होतो. आम्हांस तो होत नाहीं. त्यांच्या एल्. व्ही. एम्. एच्. या प्रचंड संघानें अठरा वर्षें तोटा भरला, हें लहान औदार्य नव्हे. याच संघाच्या दिऑर पेढीनें ३० मार्च २०२३ रोजीं मुंबईस गेट-वे ऑफ इंडियापुढें आपलें प्रदर्शन भरविलें, तें मुंबईकर वाचकांस आठवत असेल. मुंबईच्याच चाणक्य या भरतकामाच्या पेढीशीं तिचा निकट व्यवहार. म्हणजे कलेसाठीं पैसा खर्च करणें या मालकास ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु संघांत अनेक मुलें असलीं म्हणजे कमावत्या मुलाच्या ताटांत तूप अधिक पडतें, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस आम्हीं काय सांगावें ?

२००५ सालीं संघानें ही पेढी अमेरिकेंतील फालिक कुटुंबास विकली. विमानतळांवरील जकातमुक्त दुकानें हा त्यांचा धंदा. पेढीबरोबर नांवही गेलें. नवीन धन्यांनीं स्वस्त शाखा बंद करून पुन्हा केवळ उंची मालावर भर दिला. लाक्रुआंच्या स्वभावास तें मानवण्यासारखेंच होतें. पण वेळ पुन्हा वैरी झाली. २००८ सालीं जगभर पैशाचा दुष्काळ पडला. त्या वर्षीं पेढीची विक्री सुमारें तीन कोटी यूरो आणि तोटा सुमारें एक कोटी यूरो ! मे २००९ मध्यें पेढीनें न्यायालयाचें संरक्षण मागितलें.

त्या वर्षीच्या जुलैमधील प्रदर्शन होऊंच नये अशी स्थिति होती. तें झालें, कारण कामगार, भरतकामवाले, कापडवाले यांनीं मोबदल्याची फारशी अपेक्षा न धरतां हात लावला. शोभिवंत मंडपास पैसा नव्हता. पॅरिसच्या शोभाकला-संग्रहालयांत, जेथें थोड्याच काळापूर्वी लाक्रुआंनीं आपल्या वस्त्रांचें मोठें प्रदर्शन मांडलें होतें, तेथें दोनेक डझन वस्त्रें दाखविलीं गेलीं. रंग बहुतेक काळा आणि गडद निळा. शेवटीं रिवाजाप्रमाणें नवरीचा पोषाख आला. संग्रहालयाचा अधिकारी होऊं इच्छिणाऱ्याची अखेरची वस्त्रें संग्रहालयांतच दिसावीं, हा योगायोग मनाला लागतो.

अजमानच्या राजघराण्यांतील एका शेखानें पेढी घेण्याची तयारी दर्शविली होती. पण वेळेवर पैशाची हमी मिळाली नाहीं. डिसेंबर २००९ मध्यें पॅरिसच्या व्यापारी न्यायालयानें फालिक यांची योजना मान्य केली. सुमारें सव्वाशें नोकरांपैकीं दहाबारा ठेवावयाचे, शिवणकाम बंद, आणि नांव परवान्यानें इतरांस वापरावयास देऊन त्याचें भाडें घ्यावयाचें. शिवणाऱ्या बायका घरीं गेल्या. ज्या हातांनीं झगे केले ते हात तोट्याचे ठरले; झग्यांनीं मिळविलेलें नांव तेवढें फायद्याचें ठरलें. उशा, कागद, चिनी मातीचीं भांडीं यांवर तें पुढेंही उमटत राहिलें.

आणि ज्याचें नांव, तो ? नाटकांचे व संगीतिकांचे पोषाख करण्याचें काम त्यांनीं चालूंच ठेवलें. रासीनच्या 'फेद्र' नाटकाच्या पोषाखांबद्दल १९९६ मध्यें आणि 'सिरानो'साठीं २००७ मध्यें त्यांना मोलिएर पारितोषिक मिळालें होतें. नवी संस्था काढली तिचें नांव एक्स. सी. एल. एक्स. असें, जणुं अक्षरें विस्कटून ठेवलेलीं. स्पेनमधील एका कपडेवाल्यासाठीं २०११ पासून नक्षी काढली, तेव्हां नांवामागें 'मस्यो', म्हणजे 'श्रीयुत', अशी जोड लावली गेली. दुकानाचें तें नांव नुसतें. माणसाचें तें श्रीयुतासह. २०१३ मध्यें स्कियापारेली या पेढीसाठीं त्यांनीं अठरा वस्त्रें केलीं. त्या नांवाच्या बाईंनीं आपलें दुकान १९५४ मध्येंच बंद केलें होतें. एका इटालियन व्यापाऱ्यानें तें नांव विकत घेऊन पुन्हा उभें केलेलें. आपलें नांव दुसऱ्याकडे असलेल्या कारागिरानें, नांवाची मालकीण हयात नसलेल्या पेढीसाठीं सुई धरली.

जानेवारी २०२५ मध्यें फालिक यांनीं 'क्रिस्त्याँ लाक्रुआ' हें नांव स्पेनमधील तेक्स्तिल लोनिया या वस्त्रसंस्थेस विकल्याचें जाहीर झालें. धनी तिसरा. लाक्रुआ त्या वेळीं त्र्याहत्तर वर्षांचे होते. विक्रीच्या कागदावर नांव त्यांचें होतें, सही दुसऱ्याची.