मर्सिया : उर्दूतील शोकाची थोर परंपरा

उर्दू काव्याचे नाव निघाले की बहुतेकांना आधी गझल आठवते. परंतु प्रीतीइतक्याच निष्ठेने या भाषेने शोकाचीही जोपासना केली आहे. त्या शोककाव्याचे नाव मर्सिया. मृताचे गुण आठवून केलेला विलाप, असा या मूळ अरबी शब्दाचा अर्थ. इ. स. ६८० मध्ये इराकमधील करबलाच्या मैदानात प्रेषित महंमदांचे नातू इमाम हुसेन हे तहानेने व्याकुळ झालेल्या मोजक्या सोबत्यांसह यजीदच्या सैन्याशी लढताना मारले गेले. उर्दू मर्सियाचा मुख्य विषय हाच.

या काव्याची पहिली पावले दक्षिणेत पडली. गोवळकोंड्याचा सुलतान महंमद कुली कुतुबशहा (राज्यकाल १५८० ते १६१२) याने दखनीत मर्सिये रचले. मात्र त्याला पूर्णत्व लाभले ते एकोणिसाव्या शतकातील लखनौमध्ये. मीर अनीस (मृत्यू १८७४) आणि मिर्झा दबीर (मृत्यू १८७५) या दोन महाकवींनी सहा ओळींच्या कडव्यांत, म्हणजे ‘मुसद्दस’मध्ये, अनेक दीर्घ मर्सिये लिहिले. दोघांच्या चाहत्यांत इतकी चुरस होती की शहरात ‘अनीसिये’ व ‘दबीरिये’ असे दोन पक्षच पडले. पुढे १९०७ मध्ये शिबली नोमानी यांनी दोघांची तुलना करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

मर्सियात वीराचा निरोप, त्याचे रणांगणावर येणे, युद्ध, हौतात्म्य आणि शेवटी आप्तांचा आक्रोश असा क्रम साधारणतः असतो. मोहरमच्या मजलिशीत कवी उंच आसनावर बसून, गायनाचा आधार न घेता, केवळ आवाजाच्या चढउतारांनी व हातांच्या हालचालींनी तो ऐकवीत असे.

अनीसांचे खरे सामर्थ्य आहे ते घरगुती नात्यांच्या चित्रणात. रणात निघालेल्या मुलाला निरोप देणारी आई, भावासाठी तळमळणारी बहीण झैनब, तान्ह्या बाळाची तहान पाहून कासावीस होणारा पिता, ही माणसे अरबस्तानची खरी. पण त्यांची बोलण्याची रीत, मानमर्यादा, निरोपाचे संकेत हे सारे अवधच्या घराण्यांतले. त्यामुळे करबलाचे दुःख ऐकणाऱ्याला स्वतःच्या उंबरठ्याच्या आतले वाटू लागले. धर्माच्या सीमेबाहेरचा श्रोताही त्यात ओढला गेला.

याच गुणामुळे हा काव्यप्रकार इतर मृत्यूंच्या शोकालाही सामावून घेऊ शकला. १८६९ मध्ये गालिब गेले, तेव्हा त्यांचे शिष्य हाली यांनी त्यांच्यावर मर्सिया लिहिला. आणि पुढची गोष्ट तर आपण मराठी वाचकांनी अवश्य ध्यानी ठेवावी अशी आहे. अनीसांप्रमाणेच फैजाबादेत जन्मलेले पंडित ब्रिजनारायण चकबस्त (१८८२ ते १९२६) हे काश्मिरी पंडित घराण्यातील कवी लखनौमध्ये वकिली करीत. अनीसांच्या शैलीचा त्यांच्यावर दाट संस्कार होता. १९१५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि १९२० मध्ये लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा या दोघांवरही चकबस्तांनी उर्दूत मर्सिये लिहिले. राजकारणात या दोन नेत्यांचे मार्ग भिन्न होते. कवीच्या शोकात मात्र दोघांनाही सारखेच स्थान मिळाले.

करबलाच्या हुतात्म्यांसाठी घडलेल्या साच्यात असे आपल्या माणसांसाठीही अश्रू ढाळले गेले. महाराष्ट्राबाहेर, उर्दूच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांना मोहरमच्या दिवसांत कानी येणारे ते सूर, एवढे कळल्यावर, खचितच परके वाटणार नाहीत.