आमेर ते नेत्राणी, तेही रेल्वेने!

आमेरच्या मावठा तलावातली बेटासारखी केसर क्यारी बाग बघून खरं बेट खुणावू लागलं, तर सॅक उचला. जयपूरहून मरुसागर एक्सप्रेस कोकण रेल्वेमार्गे मडगावला आणते. तिथून गाडी बदलून मुरुडेश्वर. किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर नेत्राणी. बोटीत तासभर तरी जातो, उलटीची गोळी आधीच घ्या! बेटावर मुक्काम नाही. नौदल इथे नेमबाजीचा सराव करायचं. सगळी मजा पाण्याखाली: प्रवाळ, पोपटमासे, नशीब असेल तर कासव. पावसाळ्यात डायव्हिंग बंद. लोळायला मुरुडेश्वरचा किनारा आहेच.

परतीला विमान का नको? एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह केल्यास १८ तास उडायचं नसतं. अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. रेल्वेत ती कटकटच नाही.