जुन्या मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेसाठी प्रशीतकाची निवड

प्रस्तावना

'एसीत गॅस भरणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, प्रशीतक ही पेट्रोलप्रमाणे वापरून संपणारी वस्तू आहे असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. वस्तुतः प्रशीतक बंद परिपथात फिरत असते. बाष्पित्रात त्याचे बाष्प होताना ते मोटारीतील उष्णता शोषते, कॉम्प्रेसर त्या बाष्पाचा दाब वाढवतो आणि रेडिएटरसमोरील कंडेन्सरमध्ये त्याचे पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर टाकली जाते. प्रशीतक कमी झाले, याचा अर्थ कोठेतरी गळती आहे एवढाच असतो.

प्रस्तुत लेखकाच्या मामांकडे 1991 सालची वातानुकूलित मारुती 800 आहे. अकोल्याच्या एकाच उन्हाळ्यात तिच्यात तीन वेळा गॅस भरला गेला. मात्र कोणता गॅस भरला, याचा उल्लेख तिन्ही पावत्यांवर नव्हता. प्रस्तुत लेखाचा विषय त्या तीन पावत्यांतून सुचला.

आर-12 : एका आदर्श द्रव्याचा अस्त

त्या काळच्या मोटारींची यंत्रणा डायक्लोरो-डायफ्लोरो-मिथेन, म्हणजेच आर-12, या द्रव्यासाठी रचलेली होती. थॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1928 नंतरच्या काळात ते प्रशीतक म्हणून पुढे आणले. तत्पूर्वीच्या प्रशीतनयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखी विषारी द्रव्ये असत. त्या तुलनेत न जळणारे, जवळजवळ निर्विष आणि उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारे हे द्रव्य आदर्श ठरले. परंतु त्याचे स्थैर्यच घातक निघाले. हे रेणू विघटन न होता स्थितांबरापर्यंत पोहोचतात व तेथे मुक्त होणारे क्लोरीन ओझोनचा नाश करते, हे मोलिना व रोलंड यांनी 1974 मध्ये मांडले. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोन थराची हानी उघड झाली आणि 1987 मध्ये माँट्रियल करार झाला. भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला व 2008 मध्ये येथील या वर्गातील प्रशीतकांचे उत्पादन थांबले. म्हणून आज कोणी आर-12 या नावाने काही विकत असल्यास त्या टाकीत नेमके काय आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा.

हा संशय अनाठायी नाही. आर-134ए म्हणून विकल्या गेलेल्या बनावट मालात मिथिल क्लोराइड आढळले आहे. ॲल्युमिनिअमशी त्याची अभिक्रिया होऊन हवेच्या संपर्कात आपोआप पेट घेणारे संयुग बनते. 2011 मध्ये जहाजी शीतकंटेनरांचे जे स्फोट झाले व कामगार मृत्युमुखी पडले, त्यांमागे हेच कारण असल्याचे मानले गेले.

दाबमापकाची मर्यादा

पुष्कळ गॅरेजांत दाबमापक लावून 'आत कोणता गॅस आहे' हे सांगितले जाते. 25 अंश तापमानाला आर-12 चा संपृक्त बाष्पदाब सुमारे 6.5 बार, तर आर-134ए चा सुमारे 6.7 बार असतो. एवढ्या फरकावरून ओळख पटणे शक्य नाही. शिवाय या दोहोंचे मिश्रण झाल्यास त्याचा दाब दोहोंपैकी कोणत्याही एकापेक्षा अधिक होतो. म्हणजेच जुन्या आर-12 वर थोडे आर-134ए 'टॉप-अप' करणे हा काटकसरीचा मार्ग नसून कॉम्प्रेसरवर भार टाकण्याचा मार्ग आहे.

पर्यायांचा विचार

आर-134ए मध्ये क्लोरीन नसल्याने ओझोनला त्यापासून धोका नाही आणि ते सर्वत्र मिळते. शून्य अंशाला त्याचा दाब आर-12 पेक्षा किंचित कमी असतो. 60 अंशाला मात्र आर-12 चा दाब 15.3 बार, तर आर-134ए चा 16.8 बार असतो. 70 अंशाला हेच आकडे 18.9 व 21.2 होतात. (हे सर्व निरपेक्ष दाब आहेत.) पाश्चात्त्य पुस्तिकांत हा फरक 'किरकोळ' म्हटलेला आढळतो. विदर्भात मे महिन्यात हवा 45 अंशांवर असताना आणि मोटार फाटकापाशी उभी असताना कंडेन्सरमधील तापमान सहज 65 ते 70 अंशांपर्यंत जाते. तेव्हा तो किरकोळ राहत नाही. कंडेन्सरवरील धूळ, वाकलेली पाती किंवा मंद पंखा यांची किंमत आर-12 पेक्षा येथे जास्त मोजावी लागते. कंडेन्सर सुधारला नाही, तर प्रशीतक बदलूनही गारवा येत नाही व दोष नव्या वायूला दिला जातो.

घरगुती एसीतील आर-22 सहज मिळते म्हणून ते मोटारीत भरण्याचा मोह होतो. 60 अंशाला त्याचा दाब 24 बारच्या वर जातो. आर-12 साठी बनविलेल्या जुन्या नळ्यांचा विचार करता या पर्यायावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. निरनिराळ्या वायूंच्या तयार मिश्रणांतील घटक बरेचदा गळतीत असमान प्रमाणात निघून जातात, त्यामुळे काही महिन्यांनी आत कोणते मिश्रण उरले हे सांगता येत नाही. नव्या मोटारींतील आर-1234वायएफ महाग, सौम्य ज्वालाग्राही आणि नव्या रचनेसाठी आहे. जुन्या गाडीसाठी तो व्यवहार्य पर्याय नव्हे.

खरा पेच हायड्रोकार्बनचा, म्हणजे प्रोपेन व आयसोब्युटेन यांच्या मिश्रणाचा आहे. केवळ उष्मागतिकीच्या दृष्टीने पाहता ते आर-12 ची जागा उत्तम रीतीने घेते : दाब जुळतात, जुने खनिज तेल चालते, वजनाने साधारण एक तृतीयांश पुरते आणि वातावरण तापवण्याची त्याची क्षमता नगण्य आहे. घरगुती रेफ्रिजरेटरमध्ये आयसोब्युटेन आज सर्रास वापरले जाते. तेथे मात्र ते काही दशक ग्रॅमच असते व परिपथ झाळून कायमचा बंद केलेला असतो. मोटारीत कंपन, रबरी नळ्या व डझनभर जोड असतात आणि बाष्पित्र थेट डॅशबोर्डमागे बसविलेले असते. एक ढोबळ हिशेब करू. 250 ग्रॅम मिश्रणाचा वायू सुमारे 120 लिटर होतो. लहान मोटारीचा अंतर्भाग अडीच घनमीटर धरल्यास त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या जवळ जाते. हवेतील दोन टक्के प्रमाणही पेट घेण्यास पुरेसे असते. सर्व वायू एकदम आत शिरेल असे नव्हे, परंतु त्याचा निम्मा अंशही पुरे आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मोटारींत आर-12 च्या जागी असे मिश्रण भरणे अमान्य ठरविले आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायू वापरणे तर याहूनही अयोग्य, कारण त्याची शुद्धता व घटकांचे प्रमाण प्रशीतनासाठी ठरविलेले नसते.

रूपांतराची प्रक्रिया

उरतो तो आर-134ए. खनिज तेल त्यात मिसळत नाही. ते परिपथात ठिकठिकाणी साचते व कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नव्या मोटारींत पॉलिअल्किलीन ग्लायकॉल वर्गातील तेल असते, परंतु जुन्या परिपथात उरलेली क्लोरीनयुक्त संयुगे त्यास मानवत नाहीत. म्हणून रूपांतरासाठी एस्टर तेल अधिक सुरक्षित. जुने तेल काढून परिपथ धुणे, रिसीव्हर-ड्रायर व सर्व ओ-रिंग बदलणे आणि निर्वात पंप किमान अर्धा तास चालविणे, ही कामे टाळता येत नाहीत. नळ्यांविषयी मतभेद आहेत. वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या जुन्या नळ्या आर-134ए बऱ्यापैकी रोखतात असा अनुभव सांगितला जातो. तथापि तीस वर्षांचे रबर बदलावे, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भरावयाचे वजन मूळ आर-12 च्या 80 ते 90 टक्के असावे. मूळ भार 700 ग्रॅम असल्यास 560 ते 630 ग्रॅम पुरतात. काचेतील बुडबुडे नाहीसे होईपर्यंत भरण्याची जुनी पद्धत येथे फसवी ठरते, कारण योग्य भार असतानाही बुडबुडे दिसू शकतात व अतिरिक्त वायू भरला जातो. वजनकाटा नसलेल्या ठिकाणी हे काम करवून घेऊ नये.

गळतीचा हिशेब

आर-134ए ओझोनला निरुपद्रवी असले, तरी वातावरणाला नाही. आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या 2007 च्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या 1430 किलोइतका परिणाम करतो. म्हणजे 600 ग्रॅमची एक गळती सुमारे 370 लिटर पेट्रोल जाळण्याइतकी होते. एका उन्हाळ्यात तीनदा गॅस भरणाऱ्याने अकराशे लिटर पेट्रोल गाडी जागची न हलविता जाळले, असे म्हणता येईल. 2016 च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने 2028 पासून या वर्गातील द्रव्यांचा वापर गोठवून पुढे टप्प्याटप्प्याने घटविण्याचे मान्य केले आहे. त्यामुळे हे द्रव्य कायम सुलभ राहील असे गृहीत धरू नये.

मामांच्या मोटारीत गळती अखेर कॉम्प्रेसरच्या दंडावरील सीलमध्ये सापडली. तिन्ही वेळा भरलेला वायू तेथूनच गेला होता. सील बदलल्यावर रूपांतर केले गेले आणि बॉनेटच्या आतील बाजूस एक पट्टी चिकटविण्यात आली. तीवर वायूचे नाव, वजन, तेलाचा प्रकार व दिनांक लिहिले आहेत. भरण्याच्या तोंडांवर आर-134ए चे वेगळ्या मापाचे जोड बसविले, जेणेकरून पुढील कारागिराला आर-12 ची नळी तेथे लावताच येऊ नये.