वारा वाढण्याआधी शीड आखडायचं

‘तारिणी’ची गोष्ट सांगितली की आपल्या बायका एकच विचारतात: दोघीच जणी, एवढं मोठं शीड, भर समुद्रात कसं आवरलं असेल? आज तेवढंच सांगतो.

‘तारिणी’ ही नौदलाची सुमारे 17 मीटर लांबीची शिडाची नाव, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून जगप्रदक्षिणा केली. नंतर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच 2 ऑक्टोबर 2024ला गोव्याहून निघाल्या आणि मे 2025च्या अखेरीस परतल्या. वेसाव्याच्या होड्या आता इंजिनावर चालतात, त्यामुळे शिडाचं काम आपल्याला बघायलाच मिळत नाही.

गच्चीवर ओली चादर वाळत घालताना वारा आला की ती हातातून कशी ओढ घेते, ठाऊक आहे ना? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. नाव एका अंगावर कलते, सुकाणू जड होतं, डेकवर पाय ठरत नाही. अशा वेळी माणूस पाण्यात गेला तर नाव वळवून येईपर्यंत लाटांत डोकंसुद्धा दिसत नाही. म्हणून कापड कमी करायचं. याला ‘रीफ’ घेणं म्हणतात.

आधी कमरेचा पट्टा नावेला अडकवायचा. नावेचं तोंड थोडं वाऱ्याकडे आणून ‘शीट’ सैल सोडायची. (शीट म्हणजे कापड नव्हे हं, शीड आत-बाहेर करायचा दोर!) शीड फडफडू लागलं की त्यातला जोर गेला. शिडाखालची आडवी दांडी, म्हणजे बूम, खाली येऊ नये म्हणून तिला वरून धरणारा दोर ताणून घ्यायचा. मग शीड वर ओढणारा दोर खुणेपर्यंत ढिला करायचा, डोलकाठीजवळचं शिडाचं कडं खाली आणून आकड्यात अडकवायचं आणि तो वरचा दोर पुन्हा कडक ताणायचा. त्यानंतरच मागच्या टोकाचा रीफचा दोर विंचवर ओढायचा. हा क्रम उलटा केला तर कापडावर भलतीकडे ताण येतो. मधलं लोंबतं कापड छोट्या दोरांनी बूमशी हलकेच बांधलं, शीट ओढली, की नाव सरळ होते.

यात ताकद कुठे लागली? विंचला दांडा असतो, जोर तो देतो. लागते ती वेळेची जाण. ‘रीफ घ्यावा का?’ असं पहिल्यांदा मनात आलं, तेव्हाच घ्यायचा, असं दर्यावर्दी सांगतात. आम्हाला हे फार पटतं. दोघींच्या नावेवर एक झोपलेली असते. अंधार पडण्याआधीच शीड कमी केलं तर तिला मध्यरात्री उठवावं लागत नाही. वेग थोडा जातो, जाऊ दे.

वारा मागून असेल तर बूमच्या वाटेत डोकं आणायचं नाही. ती एका झटक्यात या बाजूची त्या बाजूला जाते.

शीड पुन्हा उघडायची घाई नको. एका सरीमागे दुसरी असते. आणि उघडताना मधले छोटे दोर आधी सोडायचे. एक जरी राहिला, तर वर ओढताना शीड तिथेच फाटतं.