साडेतीन किलोचा रुग्ण

बालरोगतज्ज्ञाला दिवसभरात असंख्य शंकांचे निरसन करावे लागते. त्यांतील एक शंका कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, तरीही ती वर्षातून पाचसात वेळा हमखास समोर येते. मुलाची तपासणी झालेली असते, औषधे लिहून दिलेली असतात आणि निघता निघता मुलाची आई संकोचाने विचारते, "डॉक्टर, आमच्या मांजरालाही कालपासून अंग गरम लागतंय. यालाच दिलेलं औषध तिला थोडंसं दिलं तर चालेल का?"

प्रश्न भाबडा वाटला तरी त्यामागे एक तर्क आहे. प्रौढ मांजराचे वजन साधारणतः साडेतीन ते पाच किलो, म्हणजे नवजात किंवा दोन महिन्यांच्या बाळाएवढे. कुठे दुखते हे दोघांनाही सांगता येत नाही. आजार जडला की दोघेही प्रथम खाणेपिणे सोडतात. वजनाच्या हिशेबाने मिलिग्रॅम मोजणे हे तर आमचे नित्याचेच काम. तेव्हा मांजराचा डॉक्टर जवळ नसेल तर मुलांचा डॉक्टर का चालू नये, असे लोकांना वाटले तर नवल नाही.

उत्तर अर्थातच 'नाही' असे आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशूंवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे. आपल्या इंदूरकरांना तर सबब सांगायलाही जागा नाही. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आपल्या शेजारी उभे आहे. निदान आणि औषधयोजना त्यांनीच करावयाची. मात्र ते औषध रोज मांजराच्या पोटात घालण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते, आणि या लेखाचा विषय तेवढाच आहे.

लहान मूल नव्हे

मांजर म्हणजे लहान मूल नव्हे, हे प्रथम मनावर ठसले पाहिजे. नवजात बाळाच्या यकृतात ग्लुकुरोनिडेशनची क्रिया अपुरी असते, हे आपण सारे जाणतो. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे बालके राखाडी पडून दगावतात, हे १९५९ मध्ये उघडकीस आले ते याच कारणाने. मनुष्याच्या बाळात ही क्रिया पुढे पक्व होते. मांजरात मात्र त्यासाठी लागणाऱ्या विकरांपैकी एका महत्त्वाच्या विकराचे जनुकच निकामी असल्याने ती जन्मभर दुबळी राहते. त्यातच मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिडेशनला बळी पडणारे सल्फहायड्रिल गट आपल्यापेक्षा अधिक असतात.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की पॅरासिटामॉल हे आपले सर्वांत विश्वासू औषध मांजरासाठी विष ठरते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीदेखील प्राणघातक होऊ शकते. काही तासांत हिरड्या तपकिरी वा निळसर दिसू लागतात, श्वास वाढतो, चेहऱ्यावर आणि पंजांवर सूज येते. अशा वेळी उपाय एकच, तो म्हणजे तत्काळ पशुवैद्यक गाठणे. उतारा म्हणून दिले जाणारे एन-ॲसिटिलसिस्टीन आपल्या परिचयाचेच आहे. आयबुप्रोफेनही तितकेच वर्ज्य. खरजेसाठी आपण सर्रास लिहितो ते पर्मेथ्रिनचे मलम, तसेच कुत्र्यांच्या गोचिडांवरील पर्मेथ्रिनयुक्त थेंब, यांमुळे मांजराला झटके येतात. फुलदाणीतील खऱ्या लिलीचे परागकणसुद्धा तिचे मूत्रपिंड निकामी करू शकतात.

म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारले तर निदान एवढे तरी ठामपणे सांगावे, की घरातल्या औषधांच्या डब्यातले मांजराला काहीही देऊ नका.

मनीचे दुखणे

हे सारे ज्ञान माझ्यापुरते पुस्तकी राहिले नाही, त्याला कारण आमची मनी. खरे म्हणजे ती आईची. नातवंडे शिक्षणासाठी बाहेर गेल्यावर दुपारच्या निवांत वेळी आईला सोबत असायची ती तिचीच. २०१९च्या दिवाळीनंतर तेरा वर्षांची मनी पाणी फार पिऊ लागली, वाळूची पेटी दुप्पट भिजू लागली आणि वजन सव्वाचार किलोवरून साडेतीनवर आले. रक्त आणि लघवीच्या तपासणीनंतर पशुवैद्यकांनी जुनाट मूत्रपिंडविकाराचे निदान केले. रक्तदाबही वाढलेला होता. उतारवयातील मांजरांत हा विकार वारंवार आढळतो. तो बरा होत नाही. पण आहार, पाणी आणि औषधे नीट सांभाळली तर पुष्कळांना चांगले दिवस मिळतात.

औषधयोजना ऐकून मला गंमत वाटली. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, तेही अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चतुर्थांश. अन्नातील फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड. कमी फॉस्फरसचा आहार. आणि एक दिवसाआड कातडीखाली शंभर मिलिलिटर रिंगर लॅक्टेट. सारी मंडळी ओळखीचीच! प्रश्न एवढाच होता, की मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

गोळी आणि द्रव औषध

मुलांच्या औषधांत आपण साखर घालून काम भागवतो. मांजरापुढे ती युक्ती चालत नाही, कारण तिला गोड चवच कळत नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक मार्जारकुळात निकामी असल्याचे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. उलट कडू चव तिला चांगलीच कळते. कडू गोळी जिभेवर विरघळली की तोंडाला फेस येतो, आणि तो पाहून घरचे लोक घाबरतात. तो बहुधा चवीचा परिणाम असतो.

दुधातून औषध देण्याचा मोहही टाळावा. मांजर आणि दूध हे समीकरण आपल्या म्हणींतच शोभते. पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाचे शोषण दुधातील कॅल्शियममुळे घटते.

प्रत्यक्ष कृती अशी. मांजराला जाड टॉवेलात, केवळ डोके बाहेर राहील असे, घट्ट गुंडाळावे. बाळाचे रक्त घेताना परिचारिका त्याला दुपट्यात बांधतात तसेच हे. मानगूट धरून उचलू नये. डाव्या हाताने गालांच्या हाडांशी डोके वरून धरून नाक किंचित वर करावे, उजव्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडावा आणि गोळी जिभेच्या मुळाशी, अगदी मध्यभागी सोडावी. तोंड मिटून गळ्यावरून हात फिरवावा. जीभ नाकावरून फिरली की गोळी गेली असे समजावे. त्यानंतर सिरिंजने ५-६ मिलिलिटर पाणी थोडे थोडे करून पाजणे आवश्यक आहे. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत रेंगाळते. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत तर त्यामुळे व्रण होऊन अन्ननलिका आकसल्याची उदाहरणे आहेत.

द्रव औषध देताना डोके मागे झुकवू नये. सुळ्याच्या मागे गालाच्या फटीत सिरिंजचे टोक सरकवावे, अर्धा ते एक मिलिलिटर सोडावे, गिळू द्यावे, मग पुढचे. घाई केली तर औषध श्वासनलिकेत जाते. तेल, तूप वा पातळ पॅराफिन तर बळजबरीने कधीच पाजू नये. बाळाच्या नाकातोंडात तेल घालण्याच्या प्रथेने होणारा तेलकट न्यूमोनिया आपण पाहिलेला आहे. मांजरालाही नेमका तोच होतो.

टाळेबंदीतील शुश्रूषा

चार महिने हे काम मी आणि पत्नीने मिळून केले. मग मार्च २०२० उजाडला. टाळेबंदी लागली आणि मी रुग्णालयातून येत असल्याने वरच्या मजल्यावर वेगळा राहू लागलो. ऐंशी वर्षांच्या आईजवळ जाण्याची सोय नव्हती. पत्नी शाळेत शिक्षिका. सुई तिने कधी हाती धरलेली नव्हती. पशुवैद्यक दूरध्वनीवर उपलब्ध होते, पण सलाइन दूरध्वनीवरून देता येत नाही.

शेवटी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून सूचना द्यायचो आणि खाली दोघी काम करायच्या. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी गरम करायची. पडद्याच्या दांडीला टांगायची. नळीतली हवा काढून टाकायची. खांद्यांच्या मधली सैल कातडी तंबूसारखी उचलायची आणि त्या तंबूच्या पायाशी सुई आडवी सरकवायची. मनी आईच्या मांडीवर. पत्नीच्या हाती सुई. पहिल्या दिवशी पत्नीचे हात थरथरत होते. आई शांतपणे म्हणाली, "अगं, तू सुईकडे बघ. हिला मी बघते." आणि मनीच्या कानामागे खाजवत ती हळू आवाजात तिच्याशी बोलत राहिली. दहा मिनिटांत शंभर मिलिलिटर उतरले. पाठीवर उंटासारखा फुगवटा आला, तो काही तासांत जिरला.

शिरेतून सलाइन देणे सोपे होण्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, शुष्क झालेल्या बालकांनाही असेच कातडीखाली पाणी दिले जात असे. तो इतिहास मी आमच्या बैठकीच्या खोलीत जिन्यावरून पाहत होतो.

आईने आपली पद्धत बसवली. 'कालनिर्णय'च्या चौकटीत गोळीची खूण फुली, सलाइनची खूण गोल. न खाल्लेल्या दिवसाला खालून रेघ. आठवड्यातून एकदा पत्नी मनीला घेऊन वजनकाट्यावर उभी राही आणि मग एकटी. वजाबाकी आई करी. झोपलेल्या मनीचे श्वास ती घड्याळ लावून मोजे. ते मिनिटाला तिसांच्या आत असावेत, एवढेच मी सांगितले होते. कातडीची चिमटी मात्र म्हाताऱ्या मांजरात फसवी. कुपोषित बालकाप्रमाणेच तिथे कातडी आधीच सैल असते.

केव्हा थांबू नये

काही लक्षणांत सकाळची वाट पाहणे धोक्याचे असते. बोका वारंवार पेटीत बसून जोर करतो आणि लघवी होत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. पोटॅशियम वाढून एकदोन दिवसांत प्राणावर बेतते. तोंड उघडून श्वास घेणे, झटके, अचानक दृष्टी जाणे, मागचे पाय एकाएकी लुळे पडणे, हीदेखील तातडीचीच लक्षणे. दोनतीन दिवस काहीही न खाणारे, विशेषतः लठ्ठ मांजर यकृतात चरबी साचून गंभीर होऊ शकते. त्याला 'उपवास मानवेल' असे समजू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी स्वतःचीही काळजी घ्यावी. चावा वा ओरखडा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांना दाखवावे. मांजराचे दात बारीक आणि खोल जाणारे. हाताच्या चाव्यात जंतुसंसर्ग लवकर पसरतो. गर्भवतीने वाळूची पेटी साफ करू नये.

निरोप

मनीला निदानानंतर चौदा महिने मिळाले. त्यांतले बहुतेक चांगले होते. जानेवारी २०२१ मध्ये 'कालनिर्णय'च्या चौकटींखाली रेघा वाढल्या. पशुवैद्यकांनी अमेरिकेतील डॉ. ॲलिस व्हिलालोबॉस यांनी तयार केलेली एक गुणपट्टिका समजावून सांगितली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. पस्तिसाच्या वर असेल तर उपचार चालू ठेवण्यात अर्थ आहे. आईने कागद पुढे ओढला आणि स्वतः गुण मांडले. बेरीज एकोणीस आली.

माझ्या विषयात असा निर्णय कधी घ्यावा लागत नाही, आणि सुचवण्याचे धैर्य मला झाले नसते. आईच म्हणाली, "आपल्याला तिची सवय आहे म्हणून तिला ठेवून घ्यायचं, हे बरं नाही." दुसऱ्या दिवशी पशुवैद्यक घरी आले. आईच्या मांडीवर, त्याच जुन्या टॉवेलात, भुलीच्या औषधाने मनी शांतपणे गेली.

या स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत, तसे आजारी माणसांची घरी सेवा करणारेही आहेत. 'दिवसातून तीन वेळा' असे लिहिताना पाच सेकंद लागतात. ते पाळताना घरात कोणाचे तरी हात, वेळ आणि झोप खर्ची पडत असते. म्हणून औषध लिहून झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत, असे मी तरुण सहकाऱ्यांना सांगतो: हे कोण देणार, आणि देऊन दाखवाल का? सिरिंजमध्ये पाणी भरून आईकडून समोरच एकदा करून घ्यावे. दोन मिनिटे जातात, पण औषध पोटात पोहोचते. रुग्ण साडेतीन किलोचे बाळ असो वा साडेतीन किलोचे मांजर, पुढची सारी चिकित्सा तेवढ्यावर अवलंबून असते.