डेमलोची एक अद्भुत संख्या

बोरीबंदराहून निघून घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही उपनगरे मागे टाकीत ठाण्यापलीकडे जाणाऱ्या ज्या जी. आय. पी. रेल्वेच्या लोहमार्गाने मुंबईच्या कारकुनी जीवनाचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाहिला, त्याच मार्गावरील एका स्थानकाचे नाव गणिताच्या दप्तरी कायमचे दाखल झालेले आहे, ही गोष्ट उपनगरवासी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डहाणूस १९०५ साली जन्मलेले, ठाण्यास शिकलेले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तरकी केलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना एका विशिष्ट संख्याकुलाची कल्पना जेथे सुचली, ते स्थानक त्या काळी डेमलो म्हणून ओळखले जाई. आजची डोंबिवली ती हीच. त्या कुलातील, माझ्या मते सर्वांत देखणी संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही होय.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामे लावली, तर ती एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू अशी वाचावी लागते. परार्ध तेवढे एक घर पुढे राहते. नऊ एकांची संख्या स्वतःनेच गुणिली की ती सिद्ध होते. हा गुणाकार शाळेतल्या रीतीने पाटीवर मांडावा: नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून बेरीज घेत गेल्यास पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, असे चढत नवव्यात नऊ येतात, आणि तेथून वरच्या ओळी एकेक करून संपू लागल्यामुळे बेरीज त्याच क्रमाने उतरते. कोठेही हातचा घ्यावा लागत नाही, आणि हिच्या सौंदर्याचे सारे मर्म तेवढ्यातच आहे. दहा एकांचा वर्ग करू जाता मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा डावीकडे जातो, शेजारच्या नवाचेही दहा होतात, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विसकटलेले रूप हाती येते. चढत्या बाजूचा आठ त्यात नाहीसाच झालेला असतो.

तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ हे तीनच. तीनाचा चौथा घात आणि इतर दोघांचे वर्ग यांचा गुणाकार म्हणजे ही संख्या; म्हणून तिचे विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने भागिल्यास बाकी न उरता १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९चा वर्ग, हे उत्तर मिळते. स्वतःच्या अंकबेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नाव कापरेकरांनीच दिले होते, त्या नियमाबरहुकूम डेमलोची ही संख्या हर्षदही ठरते.

आता, ४५ विभाजक हा त्या संख्येचा अंगभूत गुण. लेखनपद्धती कोणतीही घ्या, तो ढळत नाही. अंकांचा चढ-उतार आणि हर्षदत्व मात्र आपल्या दशमान लेखनावर अवलंबून, आणि एवढ्यावरून अशा शोधांना केवळ करमणुकीच्या खाती टाकण्याची प्रथा विद्वानांत आहे. हा भेद मला मान्य आहे, परंतु त्यावरून लावलेली प्रतवारी मान्य नाही. कारण ज्या नियमाने हा डौल उत्पन्न होतो, तो दहाचा मिंधा नाही. पद्धतीच्या पायाहून एकाने कमी इतके एक घेऊन त्यांचा वर्ग करावा, हातचा तेथेही लागत नाही: अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो, आणि द्वादशमानात, दहा व अकरा यांसाठी दोन नवी चिन्हे योजल्यास, अकरा एकांचा वर्ग अकरापर्यंत चढून तसाच उतरतो.